सतरा नंबरची बॅच

खराडी,
६ जानेवारी २०२५

ती. वैजनाथकाकांस,
सा. न.

कुरिअरवाल्याच्या हातात माझं नाव बघून दचकलात ना? फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपला तुम्ही हात लावत नाही. मग म्हटलं, सरळ कागद घ्यावा. शाळेनंतर मराठीत एवढं पहिल्यांदाच लिहितेय, चुका काढू नका.

मी मजेत आहे. कंपनी छोटी आहे, पण काम आपलंच. कारखान्याच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, हायड्रोजनबरोबर आपल्या जाळीदार कॅटॅलिस्टवरून सोडायचा आणि पलीकडे प्लास्टिकचा कच्चा माल मिळवायचा. लॅबमध्ये चिमूटभर पावडरीवर केलं, ते इथे पिंपभर पावडरीवर करायचंय.

आता कामाचं. संस्थेची स्मरणिका निघणार आहे. त्यात प्रत्येक जण आपल्या गाईडवर लिहिणार, हे ठरलेलंच. मला तुमच्यावर लिहायचंय. माझ्या पीएचडीतली प्रत्येक बॅच तुमच्या हातची. तुम्ही ती कशी करायचात, हे तुमच्याच शब्दांत मला लिहून पाठवाल? अगदी बारीकसारीक सगळं.

काकूंना नमस्कार. कावीळ झाली होती तेव्हाचा त्यांच्या हातचा मऊ भात अजून आठवतो.

तुमची,
ऋचा

*

बुधवार पेठ,
११ जानेवारी २०२५

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. खराडीहून बुधवार पेठेत यायला बस मिळते, असं ऐकून आहे. ऐकून म्हणजे वाचून. तरी कुरिअर केलंस, हेही नसे थोडके. निवृत्त होऊन मला चार वर्षं होतील. तेवढ्यात संस्थेतून आलेलं हे पहिलं पत्र, तेही संस्था सोडून गेलेल्या मुलीचं.

माझ्यावर लेख लिहिणार म्हणतेस. लिही बापडे. चौतीस वर्षांत माझं नाव छापून आलं ते एकदाच, अग्निशमन प्रशिक्षणाच्या यादीत, आणि तिथेही 'तांबट'चं 'तांबे' केलं होतं. तुझं पत्र तुझ्या काकूने, विमलने, दोनदा मोठ्याने वाचलं. मला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक आहे, पण शेजारच्यांना येतं.

कृती विचारतेस तर ऐक. लोखंडाचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात अमोनिया थेंबाथेंबाने सोडायचा, ढवळणं थांबवायचं नाही. तांबूस चिखल खाली बसतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत भाजायचा. भाजताना घाई केली की छिद्रं मिटतात. अनारशाला जाळी पडली की नाही हे तळणारीला घड्याळ सांगत नाही, तसंच हे. आमच्या वडिलांचं दुकान तांब्याच्या भांड्यांचं. ठोक्याच्या आवाजावरून पत्रा किती पातळ झाला हे ते सांगायचे. माझे कान त्यातच गेले, उरलेसुरले तुमच्या व्हॅक्यूम पंपांनी नेले. हात तेवढे राहिले.

हे सगळं तुला माहीतच आहे. सहा वर्षं शेजारी उभी होतीस.

तुझा,
वैजनाथकाका

*

खराडी,
२० जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. न.

पत्र वाचून इतकी हसले की ऑफिसात सगळे बघायला लागले. असंच लिहा!

पण काका, एक टप्पा तुम्ही घाईत उरकलात. 'धुवायचा' एवढंच लिहिलंय. कशाने, किती वेळा, किती वेळ? वाचणाऱ्याला तेच तर हवं असतं. विशेषतः सतरा नंबरची बॅच. मे २०१८ मधली, जिच्यावर माझा पेपर उभा आहे. सोळापर्यंत काहीच धड होत नव्हतं आणि सतराला एकदम जादू झाली. त्या वेळी तुम्ही काही वेगळं केलं होतं का? आठवून लिहा ना, प्लीज. मनात काही असेल तर तेही लिहा. मी रागावणार नाही.

येणारच आहे भेटायला. सध्या कामाचा नुसता डोंगर आहे.

तुमची,
ऋचा

*

बुधवार पेठ,
२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

'मनात काही असेल तर' असं तू लिहिलंस आणि मी आठवडाभर पेन हातात धरून बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी गत. सात वर्षं हे पोटात आहे. आता लिहून टाकतो.

त्या मे महिन्यात डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची कॉइल जळालेलीच होती. नवी कॉइल म्हणजे खरेदी विभाग, खरेदी विभाग म्हणजे तीन कोटेशनं. दोन आली, तिसरं येईना. सात आठवडे फाइल फिरत होती. तुझी परीक्षण समिती अठ्ठावीस तारखेला. बॅच झाली नाही तर तुझी फेलोशिप बंद पडणार होती.

मी कॅन्टीनमागच्या बोअरचं पाणी घेतलं. त्यानेच चिखल धुतला. आणि वहीत लिहिलं, 'डिस्टिल्ड वॉटर, सहा वेळा'. खाली सही केली.

बॅच उत्तम निघाली. पुढे यंत्र दुरुस्त झालं. अठरा आणि एकोणीस मी डिस्टिल्डने धुतल्या, तर पलीकडे प्लास्टिकच्या कच्च्या मालाऐवजी नुसता मिथेन, रिक्षात भरतात तोच वायू. तू तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस. वीसपासून मी गुपचूप पुन्हा बोअरवर आलो आणि सगळं जागेवर आलं. वहीत मात्र शेवटपर्यंत डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातला कुठला तरी क्षार त्या जाळीत अडकून राहत असणार, एवढं मला कळत होतं. पण माझ्यासारख्या सहायकाने ते कोणाला सांगायचं? सांगायचं तर आधी नोंद खोटी होती हे सांगायला हवं.

चौतीस वर्षांत वहीत खोटं लिहिलं ते एवढंच. माझ्या सेवापुस्तिकेत एक लाल रेघ नाही, आणि लोक कौतुक करतात तेव्हा मला आतून लाज वाटते. तुला सांगितलं, बरं वाटलं. लेखात हे घ्यायचं की गाळायचं ते तू ठरव.

तुझा,
वैजनाथकाका

*

खराडी,
७ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सा. न.

काका! एवढं मनाला लावून घ्यायचं का? उलट मला तुमचा अभिमान वाटला. हेच तर लेखाचं मर्म आहे.

आता एक छोटंसं काम. संपादक मंडळ फार काटेकोर आहे. नुसत्या पत्रावर छापणार नाहीत. तुम्ही एका वेगळ्या कागदावर एवढंच लिहा, की मे २०१८ पासून बोअरचं पाणी वापरलं, नोंद डिस्टिल्डची केली, आणि हे तुम्ही स्वतःहून केलं. खाली तारीख आणि सही. आणि मला याची कल्पना नव्हती, हेही लिहाल ना? नाहीतर वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज व्हायचा.

धुण्याचं मात्र पत्रातच लिहा, सविस्तर. गार पाणी की कोमट, दर वेळी किती, शेवटचं पाणी किती वेळ ठेवायचं. लेखाला रंग चढतो.

तुमची,
ऋचा

*

बुधवार पेठ,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

सोबत तू म्हणालीस तसा कागद जोडला आहे. तू म्हणालीस तेच शब्द, त्याच क्रमाने. 'डॉ. ऋचा खानझोडे यांना या गोष्टीची कल्पना नव्हती' हेही लिहिलंय.

त्या दुपारी बोअरपाशी आपलं काय बोलणं झालं, ते तुला आठवत असेल किंवा नसेल. नसलं तर उत्तमच. ते आपल्या दोघांत राहील. नोंद माझ्या हाताची, सही माझी. तुझं पुढे सगळं आयुष्य आहे, माझं मागे आहे.

धुण्याचं असं. पाणी गार. पहिल्या पाच धुण्यांत चिखलाच्या दसपट पाणी आणि लगेच गाळायचं. सहावं पाणी निम्मंच घ्यायचं, पण दोन तास तसंच ठेवायचं, मधे ढवळायचं नाही. मग गाळून सुती कापडात हाताने दाबायचं, पिळायचं नाही. पिळलं की क्षार निघून जातो आणि पुन्हा मिथेन. हे शिकायला मला तीन बॅच वाया घालवाव्या लागल्या. त्या तीन बॅचचे बीकर 'माझ्या हातून फुटले' असं मी तुला सांगितलं होतं. तेही आज कबूल.

स्मरणिका निघाली की दोन प्रती पाठव. एक विमलच्या माहेरी द्यायची आहे.

तुझा,
वैजनाथकाका

*

बुधवार पेठ,
३० मार्च २०२५

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याच्या शुभेच्छा. दीड महिना तुझं पत्र नाही. जोडलेला कागद मिळाला का, तेवढं कळव. माझ्या लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पुन्हा लिहून देतो.

स्मरणिका बहुधा छपाईत अडकली असेल. तिसरं कोटेशन येत नसेल.

प्रकृतीला जप.

वैजनाथकाका

*

बुधवार पेठ,
३ मे २०२५

ऋचा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून गाळतो.

मंगळवारी संस्थेतून पाकीट आलं. आनंदाने फोडलं. आत स्मरणिका नव्हती, नोटीस होती. परदेशातल्या एका प्रयोगशाळेला तुझ्या पेपरमधला प्रयोग जमला नाही, त्यांनी तक्रार केली, आकडे बनावट आहेत असा संशय घेतला, आणि डिसेंबरपासून चौकशी समिती बसली आहे. डिसेंबरपासून! तुझं पहिलं पत्र जानेवारीचं. समितीपुढे तू पुरावा म्हणून माझा कागद ठेवलास. नोटिशीबरोबर त्याची झेरॉक्स आहे. 'प्रयोगशाळा सहायकाचा गंभीर हलगर्जीपणा व जाणूनबुजून केलेली खोटी नोंद' असा विषय, आणि सेवापुस्तिकेत तशी नोंद का करू नये याचा खुलासा द्यायला बावीस मेला बोलावलंय. पेन्शनला धक्का लागणार नाही, असं खाली मुद्दाम लिहिलंय. मी पेन्शनसाठी घाबरेन, असं त्यांना वाटलं.

मी लॅबमध्ये गेलो. आता तिथे माझ्या टेबलापाशी कादंबरी नावाची मुलगी काम करते. तिने पाटीवर लिहून लिहून मला सगळं समजावलं. स्मरणिका कधी निघणारच नव्हती, हेही तिनेच सांगितलं. मग बिचारीने तुमच्या कंपनीचं निवेदन काढून दाखवलं. 'आमच्या डॉ. ऋचा खानझोडे यांनी विकसित केलेली धुण्याची अभिनव पद्धत, पेटंटसाठी अर्ज दाखल.' खाली पद्धत थोडक्यात दिली आहे. सहावं पाणी निम्मं. दोन तास न ढवळता. दाबायचं, पिळायचं नाही.

एका पाकिटातून मी दोन कागद पाठवले. एक तू संस्थेला दिलास, तिथे तो माझा गुन्हा झाला. दुसरा कंपनीला दिलास, तिथे तो तुझा शोध झाला. पाणी दोन्हीकडे एकाच बोअरचं.

केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी आजवर नुसतं वाचलं होतं. पोरी, तू नुसतं सांगितलं असतंस, 'काका, मी अडचणीत आहे', तरी मी हाच कागद लिहून दिला असता. लेखाचं गाजर कशाला दाखवलंस? मला वाईट वाटतंय ते त्याचं. मी खूश झालो होतो गं. विमलने शेजारी सांगितलं होतं.

वैजनाथ

*

खराडी,
१७ मे २०२५

ती. काकांस,
सा. न.

तुमचं पत्र आल्यापासून कशातच लक्ष लागत नाही. तुम्ही म्हणता तशी मी वाईट नाहीये, काका.

डिसेंबरात तक्रार आली तेव्हा मला खरंच काही कळत नव्हतं. डिग्री काढून घेतील, नोकरी जाईल. अकोल्याला बाबांना काय सांगणार होते मी? तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही घाबरून गप्प बसला असतात, असं वाटलं. म्हणून लेखाचं निमित्त केलं. ते चुकलं. पेटंटचं तर कंपनीने परस्पर केलं. मी टिपण दिलं होतं, नावं त्यांनी घातली. तुम्ही कंपनीत नाही, म्हणून तुमचं नाव घालता येत नाही म्हणाले. मी एकदा विचारलं होतं.

काका, तुम्ही रिटायर झालात. सेवापुस्तिका आता कोण उघडून बघणार? माझं मात्र सगळं पणाला लागलंय. पेपर मागे घेऊन दुरुस्तीसह पुन्हा छापायला जर्नल तयार आहे, फक्त मला माहीत नव्हतं एवढं पक्कं व्हायला हवं. बावीसला समितीवाले तुम्हाला तेवढंच विचारतील. तुम्ही कागदावर जे लिहिलंय त्यालाच धरून राहाल ना? त्या दुपारचं काही काढू नका. मी हात जोडते.

पंचवीस तारखेच्या रविवारी घरी येऊ का? काकूंनाही भेटेन. समोरासमोर बोललो की तुमचा राग जाईल.

तुमची,
ऋचा

*

बुधवार पेठ,
२३ मे २०२५

डॉ. ऋचा खानझोडे यांस,
नमस्कार.

हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे, रविवारच्या आत आपल्याला मिळावं म्हणून.

काल समितीपुढे गेलो. तिघे जण होते. सभ्य माणसं. मला ऐकू येत नाही म्हणून प्रश्न छापून आणले होते, आणि उत्तरासाठी खाली रेघा. चहाही दिला. चौतीस वर्षांत त्या खोलीत मी चहा नेऊन दिला होता, घेतला पहिल्यांदाच.

घरून निघताना माझं ठरलं होतं. 'डॉ. खानझोडे यांना कल्पना होती का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिणार होतो. होय, आपण केलेलं सगळं कळल्यावरही. लाल रेघ माझ्या पुस्तिकेत ओढली गेली तर जाऊ दे, पोरीचं बस्तान बसू दे, असं रिक्षात बसून स्वतःला समजावत गेलो. राग होता, नाही असं नाही. पण रागावर माझा ताबा असतो.

पहिले पाच प्रश्न यंत्राचे, पाण्याचे आणि वहीचे. जे घडलं ते लिहिलं. सहाव्याच्या आधी अध्यक्षांनी आपला लेखी जबाब माझ्यापुढे सरकवला. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणजे माझ्याविषयी काय म्हटलं गेलंय ते मला कळावं. बारा मार्चची तारीख होती. मी पाडव्याला आपल्याला शुभेच्छा लिहिल्या, त्याच्या अठरा दिवस आधीची.

मी सावकाश वाचला. दुसऱ्या परिच्छेदात आपण लिहिलंय, 'सदर कर्मचारी लॅबमध्ये असत. परंतु माझा त्यांच्याशी फारसा परिचय नव्हता.'

ते वाक्य मी तीनदा वाचलं. खोटी नोंद, हलगर्जीपणा, सगळं मी पचवलं होतं. पेटंटही पचवलं असतं. पण हे कशासाठी लिहिलंत, ते मला अजून कळलेलं नाही. ते कोणी विचारलेलं नव्हतं. प्रश्नावलीत तसा प्रश्नच नव्हता. आपण मनानेच लिहिलंत.

सहाव्या प्रश्नापुढे मी 'हो' लिहिलं.

खाली जागा उरली होती. तिथे त्या दुपारी, माझे कान थोडे शाबूत असताना, आपण बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. "घ्या ना काका बोअरचंच, वहीत डिस्टिल्ड लिहा, कोण पाहून राहिलं?" आपण घाबरलात की अकोल्याचं बोलता. पुण्याच्या माणसाला ते वाक्य बनवता आलं नसतं, हे अध्यक्षांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी चष्मा काढला. मग मी लिहिलं, की खोटी नोंद माझीच, लाल रेघ जरूर ओढावी. ती त्यांनी माझ्यासमोर ओढली. मी बघत बसलो.

आपल्या बाबतीत ते काय ठरवतील, मला माहीत नाही. विचारलंही नाही. परतताना लॅबमध्ये कादंबरीला सहाव्या धुण्याचं सगळं दाखवलं आणि वहीत बोअरचं पाणी असं तिच्याच हाताने लिहायला लावलं. जगाला ती पावडर हवी आहे, ती कोणा एकाच्या कुलपात राहू नये.

आता रविवारचं. आपण येऊ नये. विमलला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. आपण आलात तर ती पुरण घालील, ताट मांडील, आणि फारसा परिचय नसलेल्या माणसासमोर मला जेवायला बसावं लागेल. ते मला जमणार नाही. यापुढे पत्रही नको.

आपण परदेशी गेलात, असं मी तिला सांगितलं. तिला ते खरं वाटलं. तिने फक्त पाटीवर लिहिलं, "मग निघताना पाया पडायला कशी नाही आली?"



वैजनाथ सदाशिव तांबट
निवृत्त प्रयोगशाळा सहायक